सरासरी एकतीस

विदरकोममधून रस्ता जातो, असं पूर्वी म्हणायचो.
आता रस्ताच आहे,
गाव त्याच्या दोन्ही कडांना अंग चोरून उभं.

वळणावरची मिसेस ट्रँटरची भिंत
सतरा वर्षांत चार वेळा पडली.
गवंडी हल्ली काही विचारत नाही.
येतो, चुना कालवतो,
तेच दगड त्याच जागी बसवतो.
एका दगडावर त्यानं खडूनं लिहिलंय: पुन्हा भेटू.

मी चाळीस वर्षं पियानो जुळवले.
कान अजून शाबूत आहेत.
तीसला टायर गुणगुणतात,
चाळीसला सूर चढतो,
पन्नासच्या पुढं सूर नसतोच,
कापड टराटरा फाडावं तसा आवाज,
आणि मग खिडकीची काच
जरा वेळानं, लाजत, थरथरते.
हे मी कौन्सिलला लिहून कळवलं होतं.
उत्तर आलं: कानाचा पुरावा ग्राह्य नाही.

निकष असा:
तीन वर्षांत तीन अपघात, गंभीर किंवा प्राणांतिक.
आपल्या गावाचा आकडा एक.
तो एक म्हणजे नॉरिस,
मांडीत सळई घेऊन पोस्टाची पत्रं वाटतो.
नकाराचं पत्रही त्यानंच आणून दिलं.
भिंत मोजत नाहीत.
मांजरं मोजत नाहीत.
दचकणं मोजायला तर यंत्रच नाही.

सभेत बर्निस म्हणाली,
"दोघांनी पुढं व्हा, म्हणजे काम होईल."
कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसले, जरा जास्तच,
आणि डेनझिलनं बिस्किटांची बशी फिरवली.

मग काळ्या रबरी नळ्या आल्या.
आठवडाभर रस्त्यात आडव्या पडून गाड्या मोजत होत्या.
आठवडा नेमका सुट्टीचा:
शाळा बंद, खाणीचे ट्रक बंद,
आणि दोन दिवस रस्त्यात मेंढ्या.
सरासरी निघाली एकतीस.
मेंढ्याही धरल्या असणार.

शेवटी आम्हीच उभे राहिलो.
दर गुरुवारी, सात ते आठ,
पिवळी जाकिटं, तिघांत एक स्पीडगन.
डेनझिल आकडा ओरडतो, मिसेस ट्रँटर नंबर वाचते,
मी वहीत लिहितो.
लोक हॉर्न वाजवतात. एकानं अर्धं सफरचंद फेकलं.
गाड्या आम्हाला पाहून दबकतात
आणि चर्च ओलांडलं की पुन्हा सुटतात.

सहाव्या गुरुवारी
वळणापलीकडून कापड फाटत आलं.
गाडी दिसायच्या आत मी ओळखली,
डाव्या मागच्या चाकाची ती किरकिर.
बावन्न, डेनझिल ओरडला, आणि गप्प झाला.
निळी गाडी. आत बर्निस, आमच्या अर्जाची सचिव,
मागच्या सीटवर फलकांचा गठ्ठा: सावकाश जा.
तिनं हात केला.
आम्हीही केला.

पेन्सिल बराच वेळ वहीवर टेकून होती.
मिसेस ट्रँटर म्हणाली, लिहा.
लिहिलं.

पुढच्या सभेत बर्निसनं आपलं इशारापत्र
स्वतःच वाचून दाखवलं, चष्मा न लावता.
आई न्हाणीघरात घसरली होती, एवढंच म्हणाली,
आणि कुणी काही विचारायच्या आत
पुढचा विषय घेतला.

मार्च लागलाय.
ओल्या रात्री बेडूक रस्ता ओलांडून तळ्याकडं निघतात,
त्यांना निकष कुणी सांगितलेले नाहीत.
आम्ही बादल्या घेऊन कडेला.
नात एफी, सात वर्षांची,
तिच्या बादलीत अकरा, वरून स्वेटर झाकलेला.
मी अंधाराला कान लावून उभा.
आता? ती विचारते.
थांब.
आता?
लांब, टेकडीपलीकडं, एक सूर चढतो आहे.
थांब.